पोटातलं पाणी

मीराबाई गमरेंना गाडी लागते, हे वरळीच्या आमच्या चाळीत सगळ्यांना माहीत होतं. कुणाच्या लग्नाची बस निघाली की त्या खाली यायच्या, नवऱ्यामुलाच्या आईच्या हातात आहेर द्यायच्या, "मी नाय येत गो, तुमच्या बसची वाट लागेल" म्हणून हसायच्या आणि परत जिना चढायच्या. पहिल्यांदा लोक आग्रह करायचे. पुढे त्यांना बोलावतानाच म्हणायचे, मीराबाई, हॉल दादरलाच आहे, चालत येता येईल.

चालायच्या मात्र त्या खूप. लालबागला मसाले कुटायच्या डंकनवर त्यांनी वीसेक वर्षं काम केलं. मिरच्या निवडायच्या, धणे भाजायचे, गिऱ्हाइकाचा मसाला कुटून झाला की पिशवीत भरून द्यायचा. वरळीहून लालबागला रोज चालत जायच्या आणि संध्याकाळी अंगाला हळदी-मिरचीचा वास घेऊन चालत यायच्या. नवऱ्याला, बाबुरावांना, छातीत दुखायला लागलं त्या दिवशी मुलगी प्रिती त्यांना टॅक्सीत घालून परळच्या हॉस्पिटलात घेऊन गेली, आणि मीराबाई मागून जवळजवळ धावत तिथे पोचल्या. बाबुराव त्यातून उठले, आणखी काही वर्षं जगले, आणि शेवटपर्यंत बायकोला चिडवत राहिले की माझ्याआधी तूच पोचली असतीस, टॅक्सी सिग्नलला अडकली होती.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नव्हती, हे बाबुरावांना आणि प्रितीला ठाऊक होतं. मीराबाईंचं माहेर मंडणगडच्या खालच्या अंगाला, बौद्धवाडीत. वीरपर्यंत रेल्वेनं जाता येतं आणि रेल्वे त्यांना कधी लागली नाही. पण वीरच्या पुढे एसटी किंवा जीप, नदीच्या काठाकाठानं वळणं, आणि म्हाप्रळ सोडलं की घाट. लग्न झाल्यापासून त्या वाटेवर त्यांनी काय काय करून पाहिलं नव्हतं? आवळासुपारी, लिंबू, आल्याचा तुकडा, पोटावर वर्तमानपत्राची घडी. डॉक्टरांच्या गोळीनं उलटी थांबायची, पण मग पुढचा सगळा दिवस त्या भिंतीला टेकून पेंगत राहायच्या.

त्यांची आई गेली तेव्हा त्या एसटीनंच गेल्या. उतरल्या तेव्हा उभंही राहवत नव्हतं. अंगणात गुडघ्यांत डोकं घालून बसल्या. बायका येऊन गळ्यात पडून रडत होत्या आणि ह्यांना रडूही येत नव्हतं, नुसतं ढवळत होतं. "माझ्या आयसाठी मी दोन टिपं पण गाळली नाय," असं त्या प्रितीला एकदाच म्हणाल्या. त्यानंतर त्या गावी गेल्या नाहीत. थोरला भाऊ भिवा दर वर्षी मे महिन्यात मुंबईला येऊन भेटून जायचा. मग त्याचे गुडघे गेले आणि तेही थांबलं.

प्रिती परळच्याच एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे. चाळ पाडून नव्या टॉवरमध्ये घर मिळालं तेव्हा इमारतीखाली गाडी लावायला जागाही मिळाली, आणि तिच्या मनात जी गोष्ट बरीच वर्षं होती ती तिनं करून टाकली. माटुंग्याच्या एका गृहस्थांकडून जुनी छोटी गाडी घेतली. पांढरी, पाच दारांची, मुंबईत दर दहा गाड्यांमागे एक दिसते तशी. गृहस्थ म्हणाले, "एकदम मऊ गाडी आहे हो. बसलात की पोटातलं पाणी हलणार नाही." प्रितीनं ते खरं मानलं. तिला वाटलं, एसटी जुनाट, जीप कोंबून भरलेली; स्वतःच्या गाडीत, खिडकी उघडी ठेवून, हळू हळू गेलो तर आईला काय होणार आहे?

पहिल्या रविवारी तिनं आईला चैत्यभूमीला न्यायचं ठरवलं. मीराबाई नवी साडी नेसून मागच्या सीटवर बसल्या. पोर्तुगीज चर्चच्या सिग्नलला त्यांनी प्रितीच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं पिशवी तोंडाशी धरली. पुढचं अंतर त्या चालतच गेल्या. प्रिती गाडी लावून मागून आली तेव्हा आई समुद्राकडे तोंड करून कठड्याशी बसली होती.

"तुझी गाडी चांगली हाय," मीराबाई म्हणाल्या. "माझंच पोट वाईट. तू मनाला नको लावून घेऊ."

प्रितीनं घरी आल्यावर गाडीवर कापड टाकलं. महिनाभर ते निघालं नाही. तेवढ्यात भिवामामाचा फोन आला. वाडीत विहार बांधून होत आला होता. जागा त्यानं आपल्या शेतातली दिली होती. बुद्धपौर्णिमेला उद्घाटन. "पहिली मेणबत्ती मीरानं लावायची असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय," भिवामामा म्हणाला. "ती येवो नायतर न येवो. आली नाय तर मी तिच्या नावानं लावेन." मीराबाई फोनवर बरं बरं म्हणाल्या आणि भाकरी थापायला गेल्या. त्या दिवशी भाकऱ्या जरा जास्तच झाल्या.

प्रितीच्या लॅबमध्ये उर्वी त्रिलोकेकर नावाच्या डॉक्टर आहेत, गिरगावच्या जुन्या पाठारे प्रभू घरातल्या. एका संध्याकाळी त्यांची टॅक्सी येईना म्हणून प्रितीनं त्यांना घरापर्यंत सोडलं. उतरताना उर्वीमॅडमनी कपाळ दाबत विचारलं, "तुझ्या गाडीचे शॉकअप शेवटचे कधी बदलले?"

"माहीत नाही. का?"

"होडीत बसल्यासारखं वाटलं ग मला. माझा भाऊ हेच काम करतो. खेतवाडीत वर्कशॉप आहे. दाखवून तर बघ."

सिद्धांत त्रिलोकेकर पस्तिशीचा. इंजिनिअरिंग करून तो काही वर्षं रॅलीच्या गाड्या तयार करायचा. आता खेतवाडीच्या गल्लीत दोन गाड्या मावतील एवढ्या जागेत त्याचं काम चालतं. त्यानं प्रितीची गाडी बघितली, काही न बोलता मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन ती खाली दाबली आणि सोडली. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली गेली.

"एकदा वर येऊन गप्प बसायला पाहिजे," तो म्हणाला. "हे बघा, गाडीचं वजन उचलते ती स्प्रिंग. पण स्प्रिंगला एकदा हलवली की थांबायचं कळत नाही. तिला थांबवतो तो शॉकअप. तुमचे चारही मेलेत. त्यामुळे प्रत्येक खड्ड्यानंतर गाडी डुलत राहते. तुम्हाला काय करून हवंय?"

"माझ्या आईला गाडी लागते. लागू नये असं काहीतरी."

 लोक सिद्धांतकडे गाडी खाली बसवून घ्यायला यायचे, वळणावर वेगानं जावी म्हणून यायचे. ही मागणी नवीन होती. पण त्याला त्यात रस वाटला. गाडी वर घेतल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. मागच्या स्प्रिंगांच्या वेढ्यांमध्ये रबराचे गट्टू कोंबले होते. गाडी खाली टेकते म्हणून कुणीतरी केलेला स्वस्तातला उपाय. त्या गट्टूंनी स्प्रिंग अर्धी जखडली होती आणि बाकी अर्धी एकटीच ओझं ओढत होती.

सिद्धांतनं त्याच्या अनुभवाप्रमाणे निवड केली. वळणावर गाडी कलंडते म्हणून पोट ढवळतं, तर मग कलंडणं बंद करू. त्याच्याकडे एका रॅलीच्या गाडीतून काढलेल्या आखूड, कडक स्प्रिंगा होत्या. त्या त्यानं बसवल्या, आणि शॉकअप नवे पण साधे, कंपनीच्या मापाचे घातले. प्रिती ती गाडी घेऊन निघाली तेव्हा तिला फार आवडली. स्टिअरिंग वळवलं की गाडी लगेच वळायची. लालबागच्या पुलावरून उतरताना गाडी रस्त्याला चिकटल्यासारखी वाटली. तिनं आईला फोन करून सांगितलं, तयार राहा.

त्या दिवशी मीराबाईंना उलटी झाली नाही. परळ, लालबाग, भायखळ्याच्या अलीकडून मागे, असा मोठा फेरा मारून त्या घरी आल्या. पण लिफ्टमध्ये त्यांनी कंबरेला हात लावला आणि रात्री गरम पाण्याची पिशवी मागितली.

"पोट बरं होतं?" प्रितीनं विचारलं.

"पोट गप होतं. कंबर बोलत होती. पेव्हर ब्लॉकवर गाडी आली की मला खालून कुणी लाथा मारतंय असं वाटत होतं. आणि मागं मी उडत होते बाय. तुला पुढं नाय कळलं?"

प्रितीला खरंच कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी हे तिनं सिद्धांतला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आईंना घेऊन या ना. मला त्यांच्याशीच बोलायचंय."

मीराबाई वर्कशॉपला यायला तयार होईनात. "मी काय सांगणार त्या मुलाला? मला गाडीतलं काय कळतंय?" शेवटी त्या रेल्वेनं चर्नी रोडला उतरून चालत खेतवाडीत आल्या. सिद्धांतनं त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, "काकू, लागते म्हणजे नक्की काय होतं? सुरुवात कुठून होते?"

असं त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनीही नाही. त्या विचार करून म्हणाल्या, "पहिल्यांदा जांभया येतात. मग कानाच्या मागं गार पडतं. मग तोंडाला पाणी सुटतं. ते सुटलं की संपलं."

"आणि कधी? वळणावर? ब्रेकला?"

"ते नाय सांगता येत. बाळ झोळीत घालून झोका देतात ना, तसं झालं की. हळू वर, हळू खाली."

सिद्धांत म्हणाला, "तेच. माणूस चालताना वर-खाली होतोच, त्याची पोटाला सवय असते. गाडी साधारण त्याच तालात हलली तर चालतं. त्याहून संथ हलायला लागली की पोट ढवळतं. मी मात्र उलट टोकाला गेलो. इतकी कडक केली की हलणं बंद झालं आणि दणके सुरू झाले."

मग त्यानं प्रितीकडे किल्ली मागितली. "आज मी चालवतो. तुम्ही दोघी मागे बसा."

गिरगाव चौपाटीवरून केम्प्स कॉर्नरच्या चढाकडे आणि तिथून ताडदेवला. प्रिती तिच्याच गाडीत पहिल्यांदा मागे बसली होती. स्टिअरिंग हातात असलं की पुढचं वळण आधीच ठाऊक असतं, अंग आपोआप सावरतं. मागे काहीच ठाऊक नसतं. ताडदेवला येईतो तिचं स्वतःचं डोकं जड झालं. पुढे एका रुंद, रिकाम्या रस्त्यावर त्यांनी जागा बदलल्या. सिद्धांत मागे बसला, प्रिती चालवायला. परत आल्यावर तो उतरून गाडीच्या मागच्या चाकाकडे बघत उभा राहिला.

"स्प्रिंग कडक आणि शॉकअप साधा," तो म्हणाला. "स्प्रिंग उसळते, तिला धरून ठेवायची ताकद त्याच्यात नाही. जोडी जमली नाही. आणि प्रिती, तुम्ही ब्रेक फार शेवटी मारता. ते मला पुढे बसून कधी कळलं नसतं."

प्रिती हसली. "मला पण."

जोडी जमवण्यात पुढचे कितीतरी रविवार गेले. ऑपेरा हाऊसच्या मागच्या अंगाला गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत; सिद्धांत आणि प्रिती तिथे फिरले. पुढच्या चाकांना कंपनीच्या मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा घ्यायच्या हे लवकर ठरलं. शॉकअप चारही गॅसचे, दाबताना मऊ आणि उसळताना आवरून धरणारे. अडलं ते मागच्या स्प्रिंगांवर. मूळ मापाची स्प्रिंग दोन माणसांना छान होती, पण मागे दोघं बसली आणि डिकीत सामान भरलं की गाडी मागून बसायची, पुढचं तोंड वर व्हायचं आणि मोठ्या खड्ड्यात तळ आपटायचा. गावाला जायचं म्हणजे सामान असणारच; भिवामामासाठी निदान मसाल्याचे डबे तरी.

मार्ग सापडला तो सिद्धांत उर्वीमॅडमच्या घरी जेवायला जाताना. त्यांची कॉलनीतली एक शेजारीण प्रितीच्याच मॉडेलची सीएनजीवरची गाडी चालवायची; त्या दिवशी सिद्धांत तिच्या गाडीतून आला. येऊन तो जेवायच्या आधी प्रितीला फोन करून म्हणाला, "आपण वेड्यासारखे बाहेर शोधतोय. तुमच्याच गाडीचं सीएनजी मॉडेल येतं ना, त्याच्या डिकीत टाकी असते. त्या टाकीचं वजन पेलावं म्हणून कंपनी मागे जरा जास्त ताकदीची स्प्रिंग देते. थोडीशीच जास्त. माप तेच, बसायची जागा तीच. ती घालून बघू."

ती घातली. रिकाम्या गाडीत ती किंचित ताठ वाटली, म्हणून डिकीत तांदळाची गोण ठेवली. मग मीराबाईंना मागे बसवून पुन्हा लालबागचा पूल, परळचे पेव्हर ब्लॉक, खाली दादर. सिद्धांत त्यांच्या शेजारी बसला होता.

"झोळी?" त्यानं विचारलं.

"नाय."

"लाथ?"

"बारीक. चालेल एवढी."

पण टिळक पुलावर त्यांनी जांभई दिली. मग दुसरी. सिद्धांतचा चेहरा उतरला. प्रितीनं गाडी बाजूला घेतली, मीराबाई उतरून पुलाच्या कठड्याशी उभ्या राहिल्या. सिद्धांत बराच वेळ मागची चाकं दाबून बघत होता, टायरातली हवा तपासत होता. पंपावर कुणीतरी हवा जास्त भरली होती, तेवढीच चूक सापडली. ती कमी करून पुन्हा बसले तर पुन्हा जांभई. शेवटी मीराबाईच म्हणाल्या, "ते काय लटकवलंय गो पुढं? गुलाबासारखं वास मारतंय." आरशाला टांगलेली सुगंधी बाटली. आईला आवडेल म्हणून प्रितीनं आदल्याच दिवशी आणली होती. ती काढून टाकली, काचा खाली केल्या. वरळीपर्यंत पुढे जांभई आली नाही.

"बघा, आम्ही स्प्रिंगांना दोष देत होतो," सिद्धांत म्हणाला. मीराबाई इतक्या मोकळ्या हसल्या की प्रितीनं मान वर करून आरशात बघितलं.

तरी गावाला जायचं म्हणजे एकदम उडी मारून चालणार नव्हतं. प्रितीनं ब्रेक लवकर आणि हळू दाबायची सवय केली. रविवारी सकाळी दोघी माटुंग्याला जाऊन इडली खाऊन यायच्या. मग एकदा शीवच्या पुढे, मग पनवेल. पनवेलला मीराबाईंनी एसटी स्टँडसमोर गाडी थांबवायला लावली. स्टँडाकडे त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "रेल्वे नव्हती तेव्हा इथं मी कायम वाकलेलीच असायचे. ही झाडं कधी दिसली नव्हती."

पनवेलच्या त्या फेरीनंतर त्यांनी स्वतःच भिवामामाला फोन लावला. येते म्हणाल्या नाहीत. विहाराला रंग कुठला दिला, एवढंच विचारलं. पण दुसऱ्या दिवशी लालबागला जाऊन मिरच्या घेऊन आल्या.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी पहाटे दोघी निघाल्या. मीराबाई पुढे बसल्या, कारण सिद्धांतनं बजावलं होतं की लांबच्या रस्त्याला पुढेच बसा आणि लांबवर बघत राहा. कोलाडपर्यंत त्या गप्पा मारत होत्या. मधल्या वडखळच्या खराब पट्ट्यात गाडी खडखडली, पण डुलली नाही. एकदा दणका बसल्यावर लगेच सावरली. प्रिती हातांतून ते ओळखायला शिकली होती.

म्हाप्रळचा पूल ओलांडला आणि चढ सुरू झाला तशा मीराबाई गप्प झाल्या. प्रितीनं वेग कमी केला. वळण, पुन्हा वळण. समोरून एसटी आली, प्रितीनं गाडी कडेला दाबून तिला वाट दिली. एसटीच्या एका खिडकीतून एक बाई डोकं बाहेर काढून बसली होती. मीराबाईंनी ते पाहिलं आणि त्यांचा हात दाराच्या मुठीवर घट्ट झाला.

"थांब जरा," त्या म्हणाल्या.

प्रितीनं करवंदीच्या जाळीशी गाडी थांबवली. तिला वाटलं, झालं. एवढे सगळे महिने, आणि शेवटी हेच. ती पाण्याची बाटली घेऊन धावत पलीकडे गेली. मीराबाई रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. कानामागे हात लावून बघत होत्या. मग त्यांनी जाळीतली दोन काळी करवंदं तोडली, एक तोंडात टाकलं, एक प्रितीला दिलं.

"गार नाय पडलं," त्या म्हणाल्या. "भीतीच वाटली नुसती. ती बाई बघितली ना."

"परत जायचं का?"

"परत कशाला? अर्ध्यावर आलोय. चल. पण तू गाणं वगैरे लाव काहीतरी, अशी गप नको राहू. तू गप राहिलीस की मला वाटतं तुला पण भीती वाटतेय."

"वाटतेय ना."

"मग दोघी बोलू."

घाट संपेपर्यंत मीराबाईंनी डंकनवरच्या गोष्टी सांगितल्या. एका शेठाणीला मसाला कधीच पटायचा नाही, आणि एकदा तोच मसाला वेगळ्या पिशवीत भरून दिल्यावर तिनं कसं तोंड भरून कौतुक केलं. प्रितीनं ह्या गोष्टी आधी कधी ऐकल्या नव्हत्या. वाडीच्या फाट्यावर भिवामामा काठीला टेकून उभा होता, आणि त्याच्या शेजारी निम्मी वाडी. गाडी थांबली. मीराबाई स्वतः दार उघडून उतरल्या, पदर सारखा केला आणि सरळ चालत भावाकडे गेल्या.

भिवामामा त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. "तू बरी हायस?"

"भूक लागलीय," मीराबाई म्हणाल्या.

त्या दिवशी त्या जेवल्या, दुपारी आईच्या जुन्या घराच्या जोत्यावर जाऊन बसल्या. घर पडून बरीच वर्षं झाली होती, जोतं तेवढं राहिलं होतं. प्रिती त्यांना शोधत गेली तेव्हा त्या रडत होत्या. जोरात नाही, पण मनापासून, पदर तोंडाला न लावता. प्रिती जवळ गेली नाही. आंब्याखाली थांबली, आणि आईचं रडून झाल्यावर दोघी परत आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहार उघडला. भिंतींना पांढरा रंग, दारावर निळी पट्टी, आत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. वंदना झाली. भिवामामानं काडेपेटी बहिणीच्या हातात दिली. वारा होता, पहिली काडी विझली, दुसरी विझली. मग मीराबाईंनी सगळ्यांकडे पाठ करून, पदराचा आडोसा करून मेणबत्ती लावली आणि ती नीट पेटलीय याची खात्री झाल्यावरच बाजूला झाल्या. भिवामामा म्हणाला, "एवढा वेळ?" त्या म्हणाल्या, "विझली असती तर पुन्हा यायला लागलं असतं." मग काडेपेटी त्याच्या हातात परत देत म्हणाल्या, "तरी येईनच म्हणा."

परतताना महाडला प्रितीनं विचारलं, चवदार तळं बघायचं का? मीराबाईंनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की हे आजवर आपल्याला का सुचलं नाही. ह्या गावातून त्या एसटीनं कितीतरी वेळा गेल्या होत्या, पिशवीत तोंड घालून. गाडी जवळच लावून दोघी तळ्याकडे गेल्या. ऊन वाढलं होतं. शाळेची सुट्टी असल्यामुळे पोरं पायऱ्यांवर पळत होती. मीराबाई कठड्याला हात लावून तळ्याच्या चारी बाजूंनी चालल्या, सावकाश, एकेका पाटीसमोर थांबत. वाचायला त्यांना वेळ लागतो, पण त्यांनी प्रितीला वाचून दाखवू दिलं नाही.

मुंबईला आल्यावर प्रितीनं सिद्धांतला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, मागचा डावा शॉकअप एकदा दाखवून जा, एवढ्या रस्त्यानंतर गळतोय का ते बघायला हवं. गळत नव्हता. मीराबाई त्याच्यासाठी भिवामामानं दिलेली कोकमं आणि स्वतः कुटलेला मसाला घेऊन गेल्या होत्या. ह्या वेळी त्या गाडीनं गेल्या.

अजूनही गाडी त्यांना अजिबात लागत नाही असं नाही. सिग्नलच्या गर्दीत, दुपारच्या उन्हात त्या कधी कधी काच खाली करून गप्प बसतात, आणि प्रितीला कळतं. पण परवा खेडहून भाचीचा, दीपिकाचा, फोन आला. तिच्या मुलीचं लग्न आहे दिवाळीनंतर. प्रिती कामावरून आली तेव्हा मीराबाई कपाटातून साड्या काढून पलंगावर मांडत होत्या.

"मी हो सांगितलंय," त्या म्हणाल्या. "तुला सुट्टी मिळते का बघ."